एक संध्याकाळ बघा, दुसऱ्या संध्याकाळी नाचा

*ताई, नमस्कार. मी सांगलीची, वय ६३, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मुलगा-सून ओसाकाला असतात. येत्या ऑगस्टमध्ये मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे चालले आहे. सुनेने तोकुशिमाच्या 'आवा ओदोरी'ला जायचं ठरवलंय. ती म्हणते, तिथे कुणीही रस्त्यावर उतरून नाचू शकतं, आपण दोघी नाचू. मुलगा म्हणतो, आई, तुझे गुडघे, त्यात ती गर्दी आणि उकाडा, तू आपली बसून बघ. माझ्या मनात वेगळंच आहे. गेल्या जुलैच्या शेवटी हे गेले. वर्षश्राद्ध करूनच मी निघणार आहे, तरी रस्त्यात नाचायचं म्हटलं की पाय अडतो. फोटो बघून नातेवाईक काय म्हणतील, हेही आहेच. शिवाय दुसऱ्यांच्या सणात आपण जाऊन नाचलेलं त्यांना तरी आवडेल का? नुसतं बघावं की नाचावं? आणि काय काय सांभाळावं? – एक वाचक, सांगली*

प्रिय बाई,

शिक्षिका म्हटल्यावर माझ्या तोंडून 'बाई'च येतं, तेव्हा तसंच लिहिते. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. गुडघे, उकाडा, राहायची सोय या सगळ्याला उत्तरं आहेत, ती पुढे देतेच. पण पाय अडतो म्हणालात, त्याबद्दल आधी बोलू या.

आवा ओदोरी हा मुळात ओबोनचा नाच आहे. ओबोन म्हणजे घरातून गेलेली माणसं काही दिवसांसाठी परत घरी येतात, ते दिवस. जपानच्या बहुतेक भागांत १३ ऑगस्टला त्यांच्या स्वागताचा दिवा लावतात आणि १६ तारखेला दिवा लावूनच निरोप देतात. आवा ओदोरी १२ ते १५ ऑगस्ट, म्हणजे नेमकी याच दिवसांत. आपल्या पितृपक्षासारखंच की, असं तुमच्या मनात येईल. आहेच तसं, पण एक मोठा फरक आहे. आपण त्या पंधरवड्यात शुभकार्य करत नाही, आवाज खाली ठेवतो. तिथे माणूस घरी आलंय म्हणून नाचतात.

यामागे एक गोष्ट सांगतात, आणि ती आपल्याच भूमीतली आहे. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन, ज्याला जपानी लोक मोकुरेन म्हणतात, त्याला दिसलं की आपली आई मेल्यानंतर भुकेल्या प्रेतयोनीत अडकली आहे. बुद्धाच्या सांगण्यावरून त्याने वर्षावास संपवून आलेल्या भिक्षूंना दान दिलं, आई सुटली, आणि आनंदाने तो नाचला. ओबोनच्या नाचाची सुरुवात लोक तिथून धरतात. 'ओबोन' हा शब्दही संस्कृतातल्या 'उल्लंबन'वरून आला असं परंपरा मानते.

आणखी एक सांगते. माणूस गेल्यानंतरचं पहिलं ओबोन तिकडे विशेष मानतात. त्याला 'हात्सुबोन' म्हणतात. पण ४९ दिवस पुरे व्हायच्या आत ओबोन आलं, तर ते धरत नाहीत, पुढच्या वर्षीचं धरतात. तुमचे यजमान जुलैअखेर गेले. त्या हिशेबाने त्यांचं हात्सुबोन याच ऑगस्टमध्ये येतं. तुम्ही हा धर्म पाळावा म्हणून मी हे सांगत नाही. पण त्या शहरात त्या रात्री तुमच्या शेजारी नाचणाऱ्या कितीतरी बायकांच्या घरी कुणाचं ना कुणाचं पहिलं ओबोन असेल. तुम्ही नाचलात तर त्यांना त्यात काही वावगं दिसणार नाही. उलट कारण कळलं तर त्या तुमचा हात हातात घेतील.

नातेवाईकांचं म्हणाल, तर फोटो कुठे जाईल हे तुमच्या हातात आहे. मुलाला निघण्याआधीच सांगून ठेवा की माझे फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकायचे नाहीत, मला वाटले तर मीच पाठवीन. एवढं स्पष्ट बोलायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता 'त्यांना आवडेल का?' याबद्दल. या नाचाबरोबर जे गाणं म्हणतात, त्यातच याचं उत्तर आहे: 'ओदोरु आहो नि मिरु आहो, ओनाजि आहो नारा ओदोरान्या सोन सोन.' नाचणारे वेडे, बघणारे वेडे, दोघेही वेडेच, तर मग न नाचणाऱ्याचंच नुकसान. ज्या सणाचं गाणंच बघणाऱ्याला हाताला धरून उठवतं, तिथे पाहुण्याने संकोच कशाला करायचा?

नुसतं गाणंच नाही, सोयही केलेली असते. नाचणाऱ्या गटाला तिथे 'रेन' म्हणतात. आपल्या ढोल-ताशा पथकांसारखीच ही रेन असतात: वर्षभर सराव, प्रत्येकाचा वेगळा पोशाख, वेगळा कंदील, वेगळी ढब. आणि पाहुण्यांसाठी असतं 'निवाका रेन', म्हणजे ऐनवेळी जमलेलं रेन. नावनोंदणी नाही, पैसे नाहीत, स्वतःच्या कपड्यांवर चालतं. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जायचं, नामांकित रेनमधली मंडळी थोडा वेळ शिकवतात आणि मग वाजंत्रीसकट तुम्हाला थेट नाचाच्या रस्त्यावर घेऊन जातात. जागा आणि वेळ दरवर्षी जाहीर होते, सुनेला ती तेवढी बघून ठेवायला सांगा. अमुक देशाचे, तमुक वयाचे, असं तिथे कुणी विचारत नाही.

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं कोबेला होते. पहिल्या वर्षी नुसती बघून आले, दुसऱ्या वर्षी निवाका रेनमध्ये उतरले. शिकवायला विशीतली एक मुलगी होती. मी हात वर केले होते, मला वाटलं छान जमलंय. ती माझ्यासमोर आली, दोन बोटांनी माझं कोपर अलगद उचललं आणि म्हणाली, "मोत्तो उए." अजून वर. मी अजून वर नेले. तिने पुन्हा कोपराला बोट लावलं, अजून वर. तिसऱ्यांदा तिने स्वतःचे हात वर केले आणि मला नुसतं बघू दिलं. तेव्हा कळलं की बायकांच्या नाचात हात डोक्याच्याही वर असतात आणि तिथेच राहतात, खाली येतच नाहीत. बोटं मात्र सैल हवीत. हे सगळं तिने मला दोन शब्दांत आणि दोन बोटांनी शिकवलं. तुम्ही आयुष्यभर मुलांचे हात धरून अक्षरं गिरवून घेतलीत, तुम्हाला हे मी वेगळं सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं असं: दोन रात्री ठेवा. पहिल्या संध्याकाळी बसून बघा, दुसऱ्या संध्याकाळी नाचा. एकाच रात्री दोन्ही करायला गेलात तर दोन्हींतला जीव जातो.

पहिल्या संध्याकाळसाठी 'एन्बुजो'त जागा घ्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पायऱ्यांसारखी बैठक बांधतात आणि मधून रेनमागून रेन नाचत जातात. काही एन्बुजोंना तिकीट असतं, काही फुकट असतात. तुमच्या गुडघ्यांचा विचार करता तिकिटाचीच जागा घ्या, आणि खालच्या रांगेतली मागा म्हणजे चढउतार नको. तिकिटं साधारण जुलैच्या सुरुवातीला विक्रीला येतात. नाच संध्याकाळी सहाच्या सुमारास सुरू होतो आणि रात्री दहा-साडेदहाच्या आसपास थांबतो.

बसल्यावर आधी थोडा वेळ डोळ्यांपेक्षा कानांनी घ्या. लांबून 'चांका चांका, चांका चांका' ऐकू येईल. ते 'काने'. तळहाताएवढी कांस्याची वाटीच म्हणा, डाव्या हातात धरून छोट्या दांडीने वाजवतात. सगळ्या रेनची लय त्या वाटीच्या हातात असते. तिच्यामागे शामिसेन हे तीन तारांचं वाद्य, बासरी, आणि सगळ्यात शेवटी मोठे ढोल. ताल दोन मात्रांचा, अगदी साधा, पण तो पहिलीवर आणि दुसरीवर सारखा पडत नाही, जरा झोका घेत येतो. हा झोका कानात बसला की दुसऱ्या दिवशी पाय आपोआप पडतात. म्हणूनच आधी बघा म्हणते.

मग बायका येतील. अंगावर युकाता, म्हणजे हलका सुती किमोनो, आणि डोक्यावर मधोमध दुमडलेली गवती टोपी, पुढे इतकी झुकलेली की चेहरा दिसतच नाही, फक्त हनुवटी आणि मानेची रेघ. पायात लाकडी गेता, तेही पुढच्या खुरावर तोललेले, जणू चवड्यांवर चालतायत. साठ-सत्तर गेता एकदम डांबरावर पडले की होणारा 'टक' आवाज मला अजून ऐकू येतो. पुरुष याच्या अगदी उलट: गुडघ्यात वाकलेले, कंबर जमिनीकडे, हातात कधी पंखा, कधी कंदील. पुरुषी ढंगाने नाचणाऱ्या मुलीही बऱ्याच असतात आणि त्या बघायला मला फार आवडतात.

एकच नाच चार तास काय बघायचा, असं वाटेल. पण प्रत्येक रेनची चाल निराळी. तीन घराणी तिथले लोक मानतात: गोजाहेई, नोंकी आणि आहो. गोजाहेईची लय संथ, पुरुष इतके खाली वाकतात की श्वास रोखून बघावं. नोंकीचा नाच मऊ, आहोचा जोरकस. आपल्याकडे गाणं ऐकताना घराणं ओळखायचा नाद असतो ना, तसा तिथल्या म्हाताऱ्या बायकांना रेन ओळखायचा असतो. शेजारी तशी कुणी भेटली तर सुनेला दुभाषी करा. माझ्या शेजारच्या आजींनी मला कंदील लांबून दिसल्याबरोबर रेनची नावं सांगितली होती, एकही चुकलं नाही.

हा नाच सुरुवातीपासून असा मोकळा नव्हता, हेही माहीत असू द्या. आवा हे त्या प्रांताचं जुनं नाव. तिथल्या जहागीरदारांनी १६७१ साली फर्मान काढलं होतं की नाच तीनच दिवस करायचा आणि सामुराईंनी त्यात जायचं नाही, नाचायचंच तर आपल्या वाड्यात, दार लावून. रस्त्यावरचा नाच गावकऱ्यांचा आणि व्यापाऱ्यांचाच राहिला. व्यापारी नीळवाले होते. योशिनो नदीकाठची नीळ सगळ्या जपानला जायची आणि त्या पैशावर या नाचाला रंग चढला. एका एन्बुजोचं नावच 'आइबाहामा', त्यातल्या 'आइ'चा अर्थ नीळ. पुढे ती शेती खालावली ती हिंदुस्थानातून आलेल्या स्वस्त निळीमुळे आणि नंतर जर्मन कृत्रिम रंगामुळे. आपल्याकडे बंगाल-बिहारात ज्या निळीने शेतकऱ्याला रडवलं, तिनेच समुद्रापलीकडे दुसऱ्या शेतकऱ्याचं पीक बसवलं. पुढे जुलै १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात शहर जळालं आणि १९४६ च्या उन्हाळ्यात लोक पुन्हा रस्त्यावर नाचले. जळलेल्या गावात, घरटी कुणीतरी गमावलेलं असताना. पाय अडेल तेव्हा हे आठवा.

आता दुसरी संध्याकाळ. गुडघ्यांसाठी तुम्ही बायकांच्या ढंगानेच नाचा. अंग सरळ, पावलं लहान, वाकायचं नाही. ओढ पडते ती खांद्यांवर आणि पोटऱ्यांवर. पाऊल असं: उजवं पाऊल पुढे नेऊन डाव्याच्या समोर चवडा टेकवायचा, मग तेच पाऊल टाकायचं, मग तसंच डावं. गोम एवढीच की उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे जातो. आपण चालतो त्याच्या उलट, त्यामुळे पहिली दहा मिनिटं सगळे गोंधळतात, जपानी पाहुणेसुद्धा. रस्ता काही फार लांब नसतो. दमलात तर बाजूला होऊन चालत राहिलं तरी कुणी काही म्हणत नाही. डॉक्टरांना मात्र निघण्यापूर्वी विचारून या आणि गुडघ्याचा पट्टा बरोबर ठेवा.

कपडे साधे: सुती पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली, पायात रोजच्या वापरातले बूट. नवे बूट अजिबात नकोत. साडी पहिल्या संध्याकाळी नेसा, बघायला बसताना. सुनेने हौसेने युकाता नेसवलाच, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: डावा पदर उजव्यावर आला पाहिजे. उजवा डाव्यावर फक्त गेलेल्या माणसाला नेसवतात. आणि बाहेरून बघताना मध्येच चालत्या रेनमध्ये शिरू नका, फोटोसाठी कुणाच्या टोपीला, कंदिलाला हात लावू नका. निवाका रेन आहे ना, नाच तिथेच.

राहायची सोय आजच बघा, पत्र वाचून झाल्यावर लगेच. अडीच लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरात चार दिवसांत लाखो माणसं येतात. मी पहिल्या वर्षी 'मिळेल काहीतरी' म्हणून गेले, आणि शेवटच्या बससाठी नाच ऐन रंगात असताना उठावं लागलं. ढोलाचा आवाज पाठीमागे लहान होत गेला, तो त्रास अजून विसरलेले नाही. तोकुशिमात जागा नसेल तर नारुतो किंवा ताकामात्सू बघा, मात्र रात्री परतायच्या गाडीची वेळ आधी पक्की करा. ओसाकाहून बसने एरवी अडीच-तीन तास. पण ओबोनमध्ये अर्धा जपान गावी निघालेला असतो, तेव्हा रस्ता तुंबतो, सकाळची बस घ्या. वाटेत आकाशी समुद्रपूल लागतो, मधला गाळा १९९१ मीटरचा, खिडकीची जागा तुम्ही घ्या. रेल्वेने गेलात तर ओकायामावरून जाल. पुण्याला सिंहगड रस्त्यावर जे पुलंच्या नावाचं जपानी उद्यान आहे, ते याच ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेलं. वेळ असेल तर मूळ बाग बघून घ्या.

उकाडा मुंबईच्या मे महिन्यासारखा, घाम वाळत नाही. दुपारी बाहेर पडूच नका. 'मुगीचा', म्हणजे भाजलेल्या सातूचा गार चहा, कुठल्याही दुकानात मिळतो, त्यात साखर नसते. मीठ-साखर-लिंबाचं आपलं सरबतही बाटलीत करून न्या, आणि लिंबाऐवजी सुदाची पिळा. हिरवं, छोटं, तोकुशिमाचंच फळ आहे, वास असा की बाटली उघडल्यावर शेजारचे वळून बघतील.

शाकाहारी असाल तर जपून. साध्या दिसणाऱ्या उदोनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या, रश्शातही माशाचा अर्क असतो. भाजलेलं कणीस, उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, खारवलेल्या आलुबुखारासारख्या उमेबोशीचा भातगोळा आणि नारुतोची गोड रताळी यांवर दोन दिवस निघतात. दशम्या आणि चटणी बरोबर असू द्याच. कचऱ्याचे डबे फार कमी, पिशवी पर्समध्ये ठेवा आणि कचरा मुक्कामी घेऊन या.

ऑगस्ट हा वादळांचाही महिना. २०२३ साली वादळामुळे शेवटचा दिवस रद्द झाला होता. म्हणून तुमच्या दोन रात्री १२ आणि १३ ला धरा, शेवटाकडे ढकलू नका. अगदीच हुकलं तर बिझान डोंगराच्या पायथ्याशी आवा ओदोरी काइकान आहे. तिथे वर्षभर जवळजवळ रोज नाच होतो आणि शेवटी प्रेक्षकांनाही उठवून नाचायला लावतात. ऑगस्टअखेर तोक्योला जाणार असाल तर तिथल्या कोएन्जी भागातही आवा ओदोरी असते, १९५७ पासून, आणि तीही मोठी. पण आधी तोकुशिमा.

मुलाला माझ्यातर्फे सांगा, त्याची काळजी रास्त आहे, म्हणून त्याच्याकडे एक काम: तुम्ही नाचत असताना त्याने पाण्याची बाटली घेऊन निवाका रेन जिथे थांबतं त्या टोकाला उभं राहायचं. सुनेने तुमच्या शेजारी नाचायचं.

आणि सराव आजपासून सुरू करा. संध्याकाळी कुकर लावला की ओट्याला पाठ करून उभ्या राहा, दोन्ही हात डोक्याच्या वर न्या, कोपरं कानांच्या पुढे, बोटं सैल. पहिल्या दिवशी पहिल्या शिट्टीपर्यंतसुद्धा टिकणार नाहीत. खाली आणा, खांदे चोळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन शिट्ट्यांपर्यंत हात वर राहायला लागले की मला पत्र टाका, पावलाचं मग बघू.